आधी सूप, मग बाकीचं

आरोग्य केंद्र, विलार फ्रिओ
४ मार्च १९९६

ती. देओलिंदाताईस,
धाकट्या पोल्दिनाचा सा. न. वि. वि.

मंगळवारी तू दवाखान्याच्या पायऱ्या तरातरा उतरून गेलीस आणि जाता जाता सगळ्यांसमोर मला "नर्सबाई" म्हणालीस. पन्नास वर्षं मी तुझी बहीण आहे, नर्स फक्त तीस वर्षं. राग असू दे, पण पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. फोन मुद्दामच करत नाही. तुमच्या गावचा फोन झुल्मिराच्या कॅफेत. त्यावर बोललेलं निम्मं गाव ऐकतं आणि उरलेल्या निम्म्याला झुल्मिरा सांगते.

तुझ्या नातवाला, टेल्मोला, चार वर्षं पूर्ण झाली. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये मीच त्याला वजनकाट्यावर उभं केलं होतं. यंदा काट्याने जवळजवळ तोच आकडा दाखवला. उंचीही आता रेंगाळायला लागली आहे. डॉक्टर वेलोझोंनी रक्त तपासलं, लघवी तपासली, पोटात जंत आहेत का तेही पाहिलं. काही सापडलं नाही. पोरगं हसतं, पळतं, माझ्या खिशातला थर्मामीटर पळवतं. फक्त वजन धरत नाही. या हिवाळ्यात तीनदा आजारी पडला तो त्यामुळेच. असंच चाललं तर उंची मागे पडेल, आणि एकदा मागे पडलेली उंची विनवण्या करून परत येत नाही.

म्हणून त्याला जिल्हा इस्पितळात आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवायचं ठरलं. चिठ्ठीवर सही डॉक्टरांची, अक्षर माझं. ते अक्षर तू ओळखलंस आणि तिथेच बिनसलं, हे मला ठाऊक आहे. ताई, ती चिठ्ठी म्हणजे पोलिसातली तक्रार नव्हे. तू पोराला उपाशी ठेवतेस असं कुणी म्हटलेलं नाही. दर महिन्याला अशी दोन-तीन मुलं मी पाठवते, चांगल्या खात्यापित्या घरची.

तारीख १६ एप्रिलची मिळाली आहे. बाई त्याच, आपल्या ओटिलियाबाई. भावजींच्या हृदयाच्या झटक्यानंतर ज्यांनी त्यांचं खाणं ठरवून दिलं होतं त्या. म्हणजे ओळख काढायची कटकट नाही.

भावजींना नमस्कार, टेल्मोला पापा. लोभ करायचा की नाही हे राग उतरल्यावर ठरव, घाई नाही.

तुझी,
पोल्दिना


काझाल दो वेंतो
९ मार्च १९९६

चि. पोल्दिना हिस,
अ. उ. आशीर्वाद. (आशीर्वाद रीत म्हणून लिहिला. राग आहे तिथेच आहे.)

तुझ्या इस्पितळाचं पाकीट आलं. टपाल झुल्मिराच्या कॅफेत उतरतं, हे तुला माहीत असताना त्यावर ठसठशीत "आहार विभाग" असा शिक्का मारून पाठवलंत. पाकीट माझ्या हातात पडेपर्यंत तिघीजणी घरी येऊन विचारून गेल्या, की टेल्मोला जेवायला घालायला काही कमी पडतंय का. एकीने तर अंडी आणली. मला, देओलिंदाला, अंडी! द्राक्षतोडणीला चाळीस माणसांचं जेवण एकटीने रांधलेली बाई मी. रविवारी पाद्री आन्सेल्मोंनी भुकेल्यांना अन्न देण्यावर प्रवचन केलं आणि सबंध वेळ माझ्याकडे बघत होते.

आणि पाठवलंस कुणाकडे, तर त्या ओटिलियाबाईंकडे! त्यांच्या गळ्याच्या हाडांत चर्चचं तीर्थ साठेल, इतक्या वाळक्या. त्यांचं काम माणसाला बारीक करायचं. आबिलिओला बारीक करायला सांगितलं ते ठीक, त्याच्यात मुबलक होतं. टेल्मोतून काय कमी करणार आहेत त्या, कान?

आता हे बघ, त्या बाईंविरुद्ध माझं काही नाही. आबिलिओचा जीव वाचला तो त्यांच्यामुळे, आणि मी त्यांचा शब्द खाली पडू दिलेला नाही. डुक्कर विकलं. आमच्या घराण्यात हिवाळ्यात डुक्कर नाही असं पहिल्यांदाच झालं. चरबीचा डबा शेजारी दिला. शोरिसो सॉसेजची एक माळ धुराड्यात टांगलेली नाही. ऑलिव्हचं तेल कपाटात कुलपाखाली. घरात एक पातेलं, एक नियम, लहानथोर सगळ्यांना सारखा. आधी सूप, मग बाकीचं. कोबीची पानं, सलगम, गाजर आणि पाणी. वाडग्याचा तळ दिसतो इतकं स्वच्छ. आपला टेल्मो दुपारी एक आणि संध्याकाळी एक असा काठोकाठ वाडगा देवदूतासारखा संपवतो, कधी किरकिर नाही. मग मासा-बटाटा पुढे ठेवला की दोन घास खातो आणि पोटावर हात फिरवतो. पोर मिताहारी आहे, आपल्या फिर्मिनोमामांसारखं. मामा नव्वदीपर्यंत जगले.

आबिलिओसुद्धा चिमणीएवढंच खातो. तरी त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, आतल्या बाजूला नव्हे, बाहेरच्या. गोळ्यांनी अंगात पाणी साठत असेल. किंवा डुक्कर गेल्याच्या दुःखाने माणूस सुजत असेल. तुम्ही दवाखान्यातली माणसं त्यावर काही बोलत नाही.

आणि तुझ्या काट्यावर माझा विश्वास नाही. परवा मी आणि आबिलिओने टेल्मोला पोत्यात घालून डुक्कर तोलायच्या ताणकाट्याला टांगलं. तुझ्यापेक्षा तब्बल तीन किलो जास्त भरला. नंतर पोत्यातून मांजर निघालं हे खरं, पण मांजर काही तीन किलोचं नाही.

एवढं सांगते, ओदेतला यातलं काही कळवू नकोस. पोरीला लक्झेंबर्गमध्ये आधीच काय कमी त्रास आहेत?

राग ओसरला की लोभ आपोआप वर येईल,
देओलिंदाताई


लक्झेंबर्ग
२१ मार्च १९९६

ती. आईस,
ओदेतचा सा. न. वि. वि.

आई, तू मला सांगितलं नाहीस. पोल्दिनामावशीनेही नाही. मला कळलं ते झुल्मिराच्या भाचीकडून. ती आणि मी एकाच बँकेचे जिने पुसतो. फडकं पिळता पिळता तिने मला विचारलं, की तुझा मुलगा खंगत चाललाय म्हणे. तिच्यासमोर मी हसून वेळ मारून नेली, मग बादल्यांच्या खोलीत जाऊन रडले.

आई, मी तुला दोष देत नाही. टेल्मोला तुझ्याकडे ठेवलं तेव्हा आम्ही सहाजण एका खोलीत राहत होतो, पाळणा ठेवायला जागा नव्हती. तू होतीस म्हणून आम्ही उभे राहिलो. पण आता आम्हाला दोन खोल्या मिळाल्या आहेत. हेल्देरचं बांधकामावरचं काम पक्कं झालं आहे. पोराला इकडे आणण्याबद्दल आम्ही महिनाभर बोलतो आहोत, फक्त तुला सांगायचं धाडस होत नव्हतं.

आता मी ठरवलं आहे. ऑगस्टमध्ये आम्ही येतो. तोवर त्याचं वजन चढलं असेल, तर शाळेच्या वयापर्यंत तो तुझ्याकडे राहील. तुझं मन मी मोडणार नाही. पण वजन तसंच असेल, तर परत जाताना तो आमच्याबरोबर येईल. इथे त्याला काय घालायचं ते मलाही नीट कळत नाही, पण निदान डोळ्यांसमोर असेल.

बाबांची तब्येत कशी आहे? हेल्देर नमस्कार सांगतो. तुझ्या हातच्या मक्याच्या पावाची फार आठवण येते.

माया पातळ करू नकोस, आई.

तुझी,
ओदेत


काझाल दो वेंतो
२८ मार्च १९९६

चि. पोल्दिना हिस,
अ. उ. आशीर्वाद. (या वेळी मनापासून.)

सोबत ओदेतचं पत्र आहे. वाच आणि परत पाठव.

मला दोन दिवस काही सुचलं नाही. तिचं चुकलं असंही म्हणता येत नाही, पोर तिचंच आहे. पण टेल्मो गेला तर मी सकाळी कुणाला उठवू? कोंबड्या स्वतःच्या स्वतः उठतात. आबिलिओला उठवावंसं वाटत नाही. दोन वर्षं पोर माझ्या पदराला धरून फिरतंय. कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेले तरी मागून येऊन विचारतं, आजी परत येणार ना.

तेव्हा जाते मी त्या बाईंकडे. पण तिथे बसून प्रश्नांना उत्तरं देणार नाही. लोक म्हणतील, आजी खोटं सांगते. टेल्मो दिवसभरात जे खातो ते सगळं शिजवून, बांधून, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे. बघू दे त्यांना, या घरात काय प्रतीचं अन्न शिजतं ते. आबिलिओलाही नेते. माझी साक्ष द्यायला कुणी तरी हवंच.

तुझ्यावर रागावले होते. लहान बहिणीवर नाही रागवायचं तर मग कुणावर?

देओलिंदाताई


काझाल दो वेंतो
१७ एप्रिल १९९६

चि. पोल्दिना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

काल जाऊन आले. क्रमाने सांगते, नाहीतर मलाच रडू फुटेल.

सकाळच्या बसने निघालो. मांडीवर सुपाचं पातेलं, झाकणावर फडकं बांधलेलं. आबिलिओच्या हातात माशाचा डबा आणि पाव. टेल्मो मध्ये बसून दोन्ही हातांनी पातेल्याचं झाकण दाबून धरत होता. हे त्याचं काम, मीच नेमून दिलेलं. नदीकडच्या वळणावर बस अशी काही वळली, की पलीकडे बसलेल्या पाद्री आन्सेल्मोंच्या झग्यावर ओंजळभर सूप गेलं. ते दात उपटून घ्यायला निघाले होते, म्हणून फार बोलले नाहीत. झगा झटकला आणि नुसतंच म्हणाले, की डाग पडला नाही, पाणीच दिसतंय. मला तेव्हाच काही तरी टोचलं होतं बघ.

ओटिलियाबाईंनी टेल्मोला बूट काढून वजनकाट्यावर उभं केलं, उंची मोजली, दंड चाचपला. मग मी टेबलावर सगळं मांडलं. त्यांना वाटलं मी भेट आणली आहे. मी म्हटलं, भेट नव्हे, पुरावा. त्या हसल्या. खिडकीतला एक चमचा घेतला, सूप ढवळलं, उजेडाकडे धरलं, चाखलं. मग विचारलं, की यात तेल कुठे आहे. मी ताठ मानेने सांगितलं, तुम्ही सांगितलंत तसं कपाटात, कुलपाखाली. मासा कसा करता? उकडून. दूध? साय काढून, वर पाणी घालून. पोर हे किती खातं? मी सांगितलं, मोठा वाडगा, दोन्ही वेळा, जेवणाच्या आधी. आणि आधी सूप द्यायला कुणी सांगितलं, म्हणाल्या.

मी म्हटलं, तुम्हीच.

पोल्दिना, त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ते मी पासष्ट वर्षांच्या, शंभर किलोच्या माणसाला सांगितलं होतं. त्याचं पोट पाण्याने भरावं आणि पुढचं जेवण कमी जावं म्हणून.

मी आबिलिओकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. पोराचं पोट मूठभर. ते मी रोज दोनदा कोबीच्या पाण्याने काठोकाठ भरत होते, आणि वर शाबासकी देत होते. माझ्याच हातांनी, पोल्दिना. देवाची शपथ, त्याचा वाडगा रिकामा झाला की मला किती बरं वाटायचं!

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विषय बदलावा म्हणून टेल्मोला विचारलं, की तुला सगळ्यात काय खायला आवडतं. पोराने बराच विचार केला. मग सांगितलं, झुल्मिराच्या कॅफेतला वास.

बाईंना कळेना. कसला वास, म्हणाल्या. तेव्हा टेल्मोने नीट समजावून सांगितलं, की आजोबा रोज दुपारी झुल्मिराकडे पावात तळलेलं मांस आणि शोरिसो घालून खातात, आणि तो टेबलाखाली बसून वास घेतो. वास फार चांगला असतो, म्हणे.

मी फक्त एवढंच म्हटलं, की बाई, तुमचा तो काटा रिकामाच आहे तर याला एकदा उभं करा. आबिलिओ टोपी हातात धरून चढला. काटा जो सुटला तो थांबेचना. सहा किलो! सहा किलो वाढलाय माणूस, आणि मी डुकराच्या दुःखाला दोष देत बसले होते.

आता नवा हुकूम असा. दोन पातेली. टेल्मोला आधी जेवण. अंडं, चीज, सायीसकट दूध, पावाला लोणी, सुपात ऑलिव्हच्या तेलाची धार, आणि ते सूपही जेवणानंतर छोट्या कपात. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा, मागे न लागता. आबिलिओला जुना हुकूम, जुनं पातेलं. दर महिन्याला वजन तुझ्याकडे.

येताना बसमध्ये मी रडले. पाद्री आन्सेल्मोंच्या तोंडात कापूस होता, तरी त्यांनी मला रुमाल दिला.

तू माझ्या घरी इतक्या वेळा जेवलीस. तुला कसं दिसलं नाही ग?

देओलिंदाताई


आरोग्य केंद्र, विलार फ्रिओ
२२ एप्रिल १९९६

ती. ताईस,
पोल्दिनाचा सा. न. वि. वि.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडवली. मला दिसलं नाही, कारण मी येते तेव्हा तू पाहुणचार करतेस. माझ्यासाठी कोंबडं कापतेस, भात तुपकट करतेस, त्या दिवशी टेल्मोही दोन वेळा मागून खातो. तुझं रोजचं पातेलं मी कधी पाहिलंच नाही. काट्यावर मला नुसती वजनाची रेघ आडवी झालेली दिसत होती. ती का आडवी झाली हे मला कळेना, म्हणून तर पाठवलं. तू ते पातेलं मांडीवर घेऊन गेली नसतीस, तर ओटिलियाबाईंनाही कळलं नसतं. चाळीस वर्षांत त्यांच्या टेबलावर कुणी पुरावा मांडला नव्हता, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

आणि मी त्याला उपाशी ठेवलं असं मनातही आणू नकोस. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, एवढंच झालं. त्यात हल्या झुल्मिराकडे चरत होता.

भावजींना फार बोलू नकोस. थोडं बोल.

लोभाला मात्र साय काढू नकोस,
पोल्दिना


काझाल दो वेंतो
९ जून १९९६

चि. पोल्दिना हिस,
अनेक आशीर्वाद.

मी आबिलिओ. तुझी बहीण कोंबड्यांकडे गेली आहे तेवढ्यात लिहितो.

या घरात आता चुलीवर दोन पातेली असतात. एकातून सुगंध येतो, ते माझं नव्हे. माझ्यासमोर पोरगं अंडं, चीज, लोणी लावलेला पाव खातं आणि मी वाडग्याचा तळ बघत बसतो. काल त्याने मला विचारलं, की आजोबा, टेबलाखाली बसून वास घेणार का. खेकसायचं होतं, पण त्याने ते खरोखरच प्रेमाने विचारलं होतं.

मला सगळे विचारतात, की पोराला एक घास का दिला नाही. दिला असता तर त्याने घरी येऊन सांगितलं असतं. त्याच्या पोटात काही राहत नाही, गुपित तर मुळीच नाही. हे कारण त्या वेळी मला चांगलं वाटायचं. आता आठवलं की घास घशात अडकतो, आणि घासही कोबीचा.

मी एक डुकराचं पिल्लू घेतलं आहे, टेल्मोच्या नावाने. तुझी बहीण काही बोलली नाही, म्हणजे चालेल. येत्या संत जॉनच्या सणाला मला शोरिसोची एक चकती मिळावी म्हणून तू तिच्याकडे शब्द टाक. पातळशी चालेल, पलीकडचं दिसेल एवढी.

तुझा लोभ आणि तुझी रदबदली दोन्ही असू दे,
आबिलिओ


काझाल दो वेंतो
१५ सप्टेंबर १९९६

चि. पोल्दिना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

ओदेत आणि हेल्देर आले तेव्हा तू होतीसच. चौदा किलो आणि वर थोडं, आधीपेक्षा दीड किलो जास्त, हे तूच मोठ्याने वाचलंस. ओदेतने पोराचा दंड दाबून पाहिला आणि सगळ्यांसमोर शब्द पाळला, की टेल्मो शाळेच्या वयापर्यंत आजीकडेच राहील. मी जिंकले, पोल्दिना. त्या आनंदात आबिलिओला चकती दिली, जाडशी. पुढचे दोन दिवस मी काही काम नसताना झुल्मिराच्या कॅफेसमोरून चारदा गेले, टेल्मोला हाताला धरून.

पण तू गेल्यानंतरचं तुला ठाऊक नाही. गुरुवारी जेवायला बसलो होतो. टेल्मो आईच्या मांडीवर, तिच्याच ताटातून खात होता. ती त्याला नव्या घराबद्दल सांगत होती, की खिडकीतून आगगाडीचा पूल दिसतो, आणि एक छोटा पलंग घेऊन ठेवलाय. पोर ऐकत होतं, चावत होतं. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, की आजी, आपलं पातेलं बसने लक्झेंबर्गला जातं का. मी म्हटलं नाही रे, वाटेत सगळं सांडेल. त्याने थोडा विचार केला आणि सांगितलं, नाही सांडणार, मी सबंध रस्ता झाकण धरून बसेन.

सगळे हसले. मी कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिलेत असं सांगून मागच्या दाराने बाहेर गेले. दाणे सकाळीच टाकले होते.

इतके महिने मी त्याला चारत होते ते त्याला इथे ठेवण्यासाठी. आणि पोर आईकडे जायला झाकण धरून बसायला तयार. त्याची अडचण एकच, की पातेलंही बरोबर हवं. खुराड्यापाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. टेल्मो मागून आला नाही. मग आत गेले आणि मीच ओदेतला सांगितलं, की घेऊन जा त्याला. ती हुंदके देऊन रडली. हेल्देर ताटाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं शिकवलं. आधी जेवण, मग छोट्या कपात सूप, वर तेलाची धार. तेलाच्या चार बाटल्या तिच्या कपड्यांत गुंडाळून दिल्या. पातेलंही दिलं, रिकामं. आगगाडी सुटली तेव्हा टेल्मोने झाकण धरलं होतं, हात हलवायलासुद्धा सोडलं नाही.

ओदेतचं पत्र आलंय. पोर नीट जेवतं. तिथल्या बालवाडीत सूप आधी वाढतात, तर त्याने बाईंना सांगितलं, की तुमचं चुकतंय. जर्मन की फ्रेंच कुठल्या भाषेत सांगितलं देव जाणे.

इकडे आता पुन्हा एकच पातेलं. लहानसं नवं घेतलं. आबिलिओ सूप मुकाट्याने पितो आणि झुल्मिराकडे जात नाही. टेबलाखाली कुणी नाही म्हणून चव लागत नाही, म्हणतो. तो चार किलो उतरला. पिल्लू मात्र छान वजन धरतंय.

पण पोल्दिना, माझा घागरा कमरेवर फिरायला लागला आहे. ताट समोर घेऊन बसते आणि घास उतरत नाही. काल गंमत म्हणून आबिलिओने मला ताणकाट्याला लटकायला लावलं आणि मग गंमत करेनासा झाला. तेव्हा तू आता माझी एक चिठ्ठी लिही. कुणाकडे पाठवायचं ते तुलाच कळतं. अक्षर तुझं असेल तर मी ओळखीन, आणि या वेळी पायऱ्या तरातरा उतरणार नाही.

देओलिंदाताई


आरोग्य केंद्र, विलार फ्रिओ
१८ सप्टेंबर १९९६

रुग्ण: देओलिंदा, काझाल दो वेंतो. वय एकसष्ट.
तक्रार: वजन उतरतं आहे, अन्न जात नाही.
तपासणी: गरज नाही. कारण आगगाडीने गेलं, सर्वांनी पाहिलं.
कुणाकडे पाठवावे: सख्ख्या धाकट्या बहिणीकडे, दर रविवारी, पहिल्या बसने. शक्य तर भावजींना घेऊन. त्यांना वेगळं वाढलं जाईल.
सोबत आणावे: नवं पातेलं, रिकामं. परत जाताना भरून मिळेल. झाकण धरायला मी बसथांब्यापर्यंत येईन.
सूचना: आधी जेवायचं. मग हवं तेवढं रडायचं. रडायला सोबत मिळेल.

सही डॉक्टरांची नाही. अक्षर आणि सही, दोन्ही
पोल्दिनाची